चालू इंजिनाजवळचं लग्न

हसाल तुम्ही, पण नातीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा माझा लेक रम्या मांडवात नव्हता, ट्रकात होता. लिलावातला जुना मिलिटरी ट्रक त्यानं सातपूरला गॅरेजात दुरुस्त केलेला. सोनीला त्यातूनच सासरी धाडायची, हा त्याचा हट्ट. पिंपळगावला मांडवाशी ट्रक लावला, पण इंजिन काही बंद करीना.

गुरुजी ओरडले, "अहो, मंगलाष्टकं कोणाला ऐकू जाणार?"

"बंद केलं तर परत चालू व्हायचं नाय, गुरुजी! सेल्फ रुसलाय!"

शेवटी मीच म्हटलं, "रम्या, शेवटच्या सावधानला गुरुजी हात वर करतील, तू हॉर्न दे. हॉर्न वाजला की अंतरपाट खाली."

दुसरंच मंगलाष्टक चाललेलं, तेवढ्यात हायवेवरून कांद्याचा टेम्पो हॉर्न मारत गेला. अंतरपाट खाली, अक्षता वर, बँड सुरू, अन् सोनीनं हार घालूनसुद्धा टाकला!

गुरुजींनी कपाळाला हात लावला. रम्या केबिनमधून बोंबलतोय, "थांबा की! मी अजून हॉर्न दिलाच नाय!"

सोनी नवऱ्याचा हात धरून ट्रकाकडं निघाली. "बाबा, उतरू नका! इंजिन चालू हाय तोवर निघू!"