आधी वरवंटा

हसायचं तर हसा, पण पाळण्याची कडी कुरकुरली की मी अजून धावत जाऊन पोर उचलून घेतो.

लढाईचे दिवस. मी शेवगावात मास्तर होतो आणि बाळंतपणाला सासूबाई आमच्याकडेच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, झोळीच बांधा. जमिनीपासून हातभरच तर उंच असते." मी ऐकतोय कसला! सुताराकडून सागवानी पाळणा करून घेतला. नवं लोखंड मिळत नव्हतं, म्हणून त्यानं जुन्याच कड्या लावल्या.

"टिकतील ना रे?"

"मास्तर, रेडकू निजवा यात! काय हुत न्हाई."

बारशाला बायका जमल्या. रीतीप्रमाणे सासूबाई कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्यात ठेवायला निघाल्या. पोरगी माझ्या हातात रडून लाल झालेली. मी चिडलो.

"दगडाला कसले झोके देता? पोरीला ठेवू द्या!"

"आधी वरवंटा," म्हणत त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं.

पहिला झोका झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला कडी तुटली आणि पाळणा फरशीवर आदळला. कुंचीच्या आत वरवंट्याचा डोक्याकडचा टवका उडाला होता.

पोरगी माझ्याच हातात होती, तरी मी सगळ्यांना विचारत होतो, "पोरगी कुठाय? पोरगी कुठाय?"

शेवटी झोळीच बांधली. पण पोरीला निजवण्याआधी मी रोज त्यात वरवंटा ठेवून वीस झोके द्यायचो. ती रडून घर डोक्यावर घ्यायची, तरी मोजून वीस.

महिनाभरानं सासूबाईच कडाडल्या, "जावईबापू, दगडाला कसले झोके देता? पोरीला ठेवू द्या!"