बाभळीला घातलेलं पाणी

पुरवणी जबाब
लार्नाका, शुक्रवार, ता. १७ ऑक्टोबर, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

मी रोदोथेआ निकोलाऊ, वय ५७ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा प्रवासी व्हॅन चालवणे, राहणार पेरिवोलुदी, आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, मंगळवारी याच टेबलावर मी जबाब दिला, त्यातली एक ओळ खोटी आहे. 'यूस्ट यांचा पाय घसरून ते पडले' ही ती ओळ. ती मला कोणी शिकवली नव्हती.

पक्षी उतरायच्या दिवसांत मी दुर्बीणवाल्यांना पहाटे साडेपाचला समुद्रावरच्या हॉटेलांतून उचलते आणि दुपारी चारला परत सोडते. यूस्ट, वय ७१, राहणार हॉलंड, निवृत्त पोस्टमन, हे नऊ वर्षं दर ऑक्टोबरात दहा दिवस माझ्याच गाडीत, पुढच्या सीटवर असतात. मी त्यांना पोस्टमन म्हणते. त्यांना आमची भाषा मोडकीतोडकी येते.

माझा धाकटा भाऊ पिएरिस याची गावाबाहेर बाभळीची बाग आहे. उन्हाळाभर त्या बाभळींना नळीने पाणी जातं. बाभळीला पाणी कोण घालतं ते हा जबाब लिहून घेणाऱ्या सार्जंटबाईंना माहीत आहे. माझ्या तोंडून हवं असेल तर लिहा, पक्षी धरणारा घालतो. अंधार असेतो तो झाडीत भोंगा लावतो, त्यात त्याच पक्ष्यांची शीळ असते. ती ऐकून वरून जाणारे खाली उतरतात. फांद्यांत लासा, म्हणजे चिकट डिंक, लावलेल्या काड्या असतात. साडेसातपर्यंत चिकटलेले पक्षी टोपलीत, काड्या गोणीत, आणि मग मला मिस्ड कॉल. तो आला की मी गाडी तिकडे वळवते. वाचलेले पक्षी झाडीत शेकड्याने असतातच. दुर्बीणवाले खूश होतात. पोस्टमन सगळ्यांना सांगायचे, "पक्षी कुठे उतरणार ते आमच्या रोदोला कळतं." मी हसायचे. नऊ वर्षं हसले. ते पक्षी मी खातेही, लहानपणापासून. विचारलं नाहीत तरी लिहा.

मंगळवारी आधी खाऱ्या तळ्यावर गेलो, ते ठणठणीत कोरडं होतं, पक्षी नव्हते. मागच्या सीटवरचं जोडपं कुरकुरायला लागलं. पिएरिसचा कॉल आला नव्हता. मला थांबणं जमत नाही. विसरला असेल म्हटलं आणि गाडी वळवली. सात वाजून पाच मिनिटांनी बागेवर पोचलो. जोडपं गाडीत कॉफी पीत बसलं. पोस्टमन पुढे गेले. त्या दोघांनी पुढचं काही पाहिलेलं नाही, त्यांना त्रास देऊ नये.

तीन-चार मिनिटांनी मी मागोमाग गेले. पोस्टमन गुडघ्यांवर बसले होते. मुठीत काळ्या टोपीचा पक्षी, आणि त्याचा पंख त्यांच्या तोंडात. थुंकीने लासा सुटतो. बाजूला काड्या मोडून टाकलेल्या. मला बघून म्हणाले, "रोदो, पाणी दे. आणि पोलिसांना फोन लाव. कोणा हरामखोराने तुझी जागा शोधून काढलीय."

मी पाणी दिलं. फोन लावला नाही.

तेवढ्यात पिएरिस टोपली घेऊन आला. म्हणाला, "ए म्हाताऱ्या, ठेव तो! तुझ्या बापाचा आहे का?"

पोस्टमन उभे राहिले. म्हणाले, "तुझ्या पण बापाचा नाही. वाटसरू आहे तो."

मी म्हटलं, "पिएरिस, तोंड बंद कर आणि घरी जा. माझे पाहुणे आहेत."

"पाहुणे? ताई, माझा कॉल येईपर्यंत दम निघेना होय तुला? नऊ वर्षांत एक दिवस चुकलो का मी?"

हे ऐकून पोस्टमन माझ्याकडे वळले. त्यांना किती कळलं मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघत असतानाच पिएरिसने त्यांना मागून दोन्ही हातांनी ढकललं. त्यांचं डोकं पाण्याच्या लोखंडी कॉकवर आपटलं. पक्ष्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही.

पिएरिसने आधी काड्या गोळा केल्या, मग तो गेला. चार-पाच काड्या मी उचलून दिल्या. त्यानंतर अँब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत पोस्टमननी एकदा डोळे उघडले. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "पोस्टमन, तुमचा पाय घसरला. ऐकलंत? पाय घसरला." तीनदा म्हटलं.

काल गुरुवारी अकराच्या सुमारास मी त्यांना भेटायला हॉस्पिटलात गेले. डोक्याला टाके आहेत. हॉलंडहून मुलगी आली आहे. बागेतलं त्यांना काही आठवत नाही, फक्त माझा आवाज आठवतो. म्हणाले, "तूच सांगितलंस ना, पाय घसरला म्हणून. तू होतीस म्हणून वाचलो ग. पण सपाट जमिनीवर, रोदो! एवढा म्हातारा झालो मी?" मग उशाची दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. "मुलीला शब्द दिलाय. आता कुठे हिंडायचं नाही. चाळीस वर्षं घरोघर टपाल टाकलं या पायांनी, आता त्यांचा भरवसा नाही."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता, बरे व्हाल." एवढंच म्हटलं. दुर्बीण घेतली आणि निघाले. ती आज सोबत आणली आहे. ती त्यांची आहे.

आज सकाळी मी पिएरिसला सांगितलं की मी ठाण्यावर जाते आहे. तो म्हणाला, "सख्ख्या भावाला आत घालशील? एका परक्यासाठी?" मी म्हटलं, आईचं मी बघेन. तो घरीच आहे, पळणार नाही.

पोस्टमनचं विमान रविवारी दुपारी आहे. त्याआधी कोणीतरी जाऊन त्यांना सांगावं की ते घसरले नाहीत, त्यांना ढकललं, त्यांचे पाय धडधाकट आहेत. सार्जंटबाई म्हणाल्या, जबाबात मागण्या घालत नाहीत. तरी घाला. इथे येण्याआधी मीच गेले होते सांगायला, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मंगळवारीही दाखवलं होतं आणि मी 'बरोबर आहे' म्हणून सही केली होती. आज बरोबर आहे.