कंपनीत ठेवलेला आईचा आवाज

माझा पुतण्या दत्ता म्हणजे फुकट्यांचा सरदार! चिकलठाण्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. मोबाइल भरला म्हणून वारलेल्या आईच्या आवाजाची रेकॉर्डिंगं यानं कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या, सगळ्यांच्या कामाच्या फायलींच्या सामायिक कोठारात टाकली अन् मोबाइलमधून पुसली.

मी म्हणलं, "वहिनीला बी नोकरीला लावलं व्हय रं?"

"काका, तिथलं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उतरतं. एकाचं गेलं तरी बाकीच्यांकडं राहतं."

साहेबाला दिसलं. त्यानं कोठार साफ केलं, सगळ्यांनाही पुसायला लावलं. कुणाकडं तरी एखादं उरलंय का विचारत दत्ता टेबलाटेबलावर हात जोडत फिरला. जो तो म्हणाला,

"सॉरी यार, साहेब बोले, तो लगेच उडवलं."

घरी आल्यावर मला म्हणाला, "काका, आईला खांदा द्यायला ऑफिसातून कुणी आलं नाय. पुसायला मात्र सगळे धावले."