देवळात चपला घालून जा, असे मी सांगितले

पोलीस ठाणे जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड

नाव नेत्रा गणपती मिराशी, वय ५२ वर्षे, धंदा शेती व होमस्टे, राहणार नंदिगड्डे, ता. जोयडा.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी नवरा व सून यांच्यासह राहते. घराच्या पडवीला लागून दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. जेवण आमच्याच चुलीवरचे असते. उतरलेल्या पाहुण्याला मी पहिल्याच दिवशी सांगते, की जळवा कुठे लागतात, कोणत्या वाटेने एकटे जाऊ नये आणि जीपवाल्याशी भाडे आधी ठरवून मगच बसावे. यात कोणाची बदनामी होते असे आजवर मला एकाही जीपवाल्याने सांगितलेले नाही.

खानापूरचे प्रशांत सावंत, जे सहली काढतात, त्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. मी त्यांच्या धंद्याची बदनामी करणारा निरोप मोबाइलवरून पसरवला, असे त्यात म्हटले आहे. अर्ज मला वाचून दाखवला. निरोप माझाच आहे. आवाजही माझाच आहे, तो ओळखायला साक्षीदार बोलावण्याची गरज नाही.

गेल्या श्रावणात तालुक्यातल्या होमस्टे चालवणाऱ्या आम्ही आठ बायका त्यांच्या सहलीतून इजिप्तमधल्या लक्सर या जुन्या शहरात गेलो होतो. पावसात इकडे पर्यटक नसतात आणि लावणीही उरकलेली असते, म्हणून आम्हाला तेच दिवस सोयीचे. लक्सरला त्या दिवसांत तिथले लोकसुद्धा दुपारचे घराबाहेर पडत नाहीत, हे आम्हाला विमानातून उतरल्यावर कळले. सहल इतकी स्वस्त कशी, याचेही उत्तर तेव्हाच मिळाले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला कर्नाकच्या देवळात नेले. सकाळी लवकर जायचे ठरले होते, पण आधी अत्तराच्या दुकानात बस थांबवली, त्यामुळे पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. देवळाच्या दाराशी आम्ही सगळ्यांनी चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या. देवळात जाताना चपला काढा असे आम्हाला कोणी सांगावे लागत नाही. दारावरचा पहारेकरी आमच्याकडे बघतच राहिला. आम्हाला वाटले, साड्या बघतो आहे.

विचारल्यावरून सांगते की, प्रशांत यांनी चपला काढा असे म्हटले नाही, हे खरे आहे. काढू नका असेही म्हटले नाही. तेवढे म्हणण्यासाठीच त्यांना बरोबर नेले होते. त्यांच्या स्वतःच्या पायांत बूट होते.

ते देऊळ म्हणजे एक गावच आहे. खांब एवढे की चार बायकांनी हात धरले तरी कवेत येत नाहीत. आत तळ्याकाठी उंच चौथऱ्यावर दगडी भुंगेरा आहे. त्याच्याभोवती सात फेऱ्या मारल्या की मनातले होते, असे प्रशांत यांनी सांगितले आणि स्वतः सावलीत जाऊन फोनवर बोलत राहिले. बाकीचे परदेशी लोक बूट घालून हसत खिदळत फिरत होते. आम्ही हात जोडून प्रदक्षिणा घालू लागलो. दुसऱ्या फेरीत माझे तळवे टेकेनात, म्हणून मी बाजूला झाले. बाकीच्याही एकेक करून झाल्या.

अनुसया झिलू वेळीप, वय ६८, ही माझी शेजारीण. तिला आम्ही अनुसयाक्का म्हणतो. ती थांबली नाही. मी म्हटले, "आक्का, पुरं कर, भाजतंय." ती म्हणाली, "आर्धी सोडल्याली प्रदक्षिणा देवाला पोचत न्हाई. तू गप." ती मूळची जुन्या सुप्याची आहे. धरणात गाव गेले, गावचे देऊळही गेले, तेव्हापासून ती कुठल्याही देवाला पुरती प्रदक्षिणा घातल्याशिवाय हलत नाही. सात पुऱ्या झाल्यावर ती खाली बसली. परत दारापर्यंत तापल्या फरशीवरून बरेच चालायचे होते. मी माझ्या पदराच्या घड्या तिच्या पायांखाली घालत तिला आणले. बसमध्ये पाय वर घेतले तेव्हा दोन्ही तळव्यांची कातडी सुटून आली होती.

मी प्रशांत यांना डॉक्टरकडे चला म्हटले. ते म्हणाले, "संगमरवराच्या दुकानात वेळ ठरलीया अक्का. मालक वाट बघत बसलाय. सांजच्याला डॉक्टर बघू." मी म्हटले, "बस थांबीव." ते म्हणाले, "गट सोडून उतरलीस तर जबाबदारी माझी न्हाई." मी म्हटले, "हितपतोर तरी कुठं हुती?" बस थांबली. मी तिला घेऊन उतरले. बाकीच्या बायकांना मी उतरा म्हणाले नाही. गट फोडला असे अर्जात लिहिले आहे ते खोटे आहे. मला राग आला होता हे मात्र लिहून घ्यावे. तो अजून गेलेला नाही.

रस्त्यावर एक घोडागाडीवाला होता. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. मी अनुसयाक्काचे पाय दाखवले. त्याने हाताने भाडे सांगितले, मी मान डोलावली, त्याने तिला उचलून गाडीत ठेवले. दवाखान्यापाशी उतरल्यावर त्याने ठरलेलेच घेतले. डॉक्टरांनी दोन्ही पाय बांधले व जमिनीला टेकू नका असे खुणेने सांगितले. राहिलेले सगळे दिवस अनुसयाक्का हॉटेलच्या गच्चीवर खुर्चीत बसून नाईल नदी बघत होती. इतक्या लांब जाऊन तिने तेवढेच पाहिले. प्रशांत तिच्याजवळ एकदाही गेले नाहीत.

निरोपात नेमके काय होते असे विचारल्यावरून तो होता तसा सांगते. बायांनो, लक्सरला जायचे तर थंडीत जा, आपला धंदा दोन दिवस बुडाला तरी चालेल. देवळे उघडायच्या वेळेलाच आत शिरा आणि उन्हाच्या आत परत या. पायांत चांगली बंद चप्पल किंवा बूट घाला आणि देवळात काढू नका, तिथे ती रीत नाही, तिथल्या देवांची पूजाही आता होत नाही, कोणी रागावत नाही. पाण्याच्या बाटलीचे सील बघून घ्या. कोकमाच्या सोलांचे पाणी इथून करून नेता येत नाही, पण सुकी सोले नेता येतात. पहारेकरी खूण करून आतल्या कोपऱ्यात बोलवेल, फोटो काढून देतो म्हणेल, मग हात पुढे करेल. जायचे नसेल तर 'ला, शुक्रन' म्हणा, म्हणजे नको, धन्यवाद. एकदा म्हणा आणि चालू लागा, थांबून हसत बसू नका. सुट्या नोटा वेगळ्या कनवटीला ठेवा. घोडागाडीत बसण्याआधी भाडे ठरवा, एकाचे की सगळ्यांचे, नुसते जायचे की जाऊन-येऊन, तिथल्याच पैशात, हे सगळे बोलून घ्या. नदीपलीकडे राजांच्या थडग्यांकडे जायला तिथल्या लोकांची साधी नाव असते, ती चांगली आहे. हातावर कोणी काही ठेवले तर तो प्रसाद नव्हे. आम्ही दगडाचा बारका भुंगेरा कपाळाला लावून पदरात बांधला, मग तो मनुष्य पैसे मागत बसपर्यंत आला. आणि सहलवाला जिथे पुन्हा पुन्हा दुकानात नेतो, तिथे त्याचा काय फायदा आहे ते त्यालाच विचारा.

एवढाच निरोप आहे. यात प्रशांत सावंत हे नाव नाही. शेवटचे वाक्य ऐकून त्यांना ते स्वतःबद्दल वाटले, याला मी काही करू शकत नाही.

थंडीत म्हणजे नेमके कोणत्या महिन्यात, असे लेखनिकांनी विचारले. डिसेंबर-जानेवारी, असे मी सांगितले. हा प्रश्न चौकशीचा भाग नसल्याने लिहू नये असे ते म्हणाले. तथापि विचारला होता, म्हणून मी लिहायला लावले.

साहेबांनी मला समजावले की, निरोप मागे घेऊन माफी लिहून दिली तर अर्ज इथेच मिटेल. यावर माझे म्हणणे असे की, प्रशांत यांची दुसरी सहल रामनगरच्या बायकांना घेऊन चालली आहे. त्यांतल्या निम्म्या अनुसयाक्काच्या वयाच्या आहेत. त्या देवळाच्या दारात चपला काढणारच. प्रशांत यांनी त्यांना जमवून, चपला काढू नका, मागच्या वेळी एकीचे पाय भाजले, एवढे स्वतःच्या तोंडाने सांगावे, मी माझा निरोप आज पुसते. प्रशांत इथे ठाण्यात हजर आहेत, साहेबांसमोर मी हे त्यांना विचारले. ते म्हणाले, "मागचं काढलं तर कोण येणार हाय माझ्यासंगं?" हे त्यांचेच शब्द आहेत. तेव्हा निरोप राहील. ज्यांना मिळाला नाही त्यांना मी रविवारी रामनगरच्या बाजारात तोंडी सांगणार आहे, तेही नोंदवावे.

माफीच्या कागदावर मी सही केलेली नाही.

जबाब चालू असताना अनुसयाक्का नंदिगड्ड्याहून जीपने आली. तिला मी बोलावले नव्हते. तिने ठाण्याच्या पायरीशी चपला काढल्या. पोलिसांनी "घालूनच या आत, आजी" असे सांगितले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, सवय हाय," आणि काठी टेकत अनवाणी आत आली. बाकावर बसून तिने पाय पुढे पसरले. तळव्यांची नवी कातडी अजून गुलाबी आहे, ती समोर बसलेल्या सर्वांना दिसली. पाय दाखव असे तिला कोणीही सांगितलेले नाही. प्रशांत सावंत त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

माझा वरील जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी 'ऐकीव माहितीवरून' असे लिहिले होते, ते खोडून 'स्वतः पाहून' असे करायला लावले. बाकी मी बोलले तेच आहे, त्यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही, म्हणून खाली सही करते.

सही / नेत्रा गणपती मिराशी