तळातली यंत्रं

धरणाच्या कार्यालयात ती वडिलांच्या पेन्शनचे कागद घेऊन रांगेत उभी होती. गळती शोधायला उतरलेले वडील गेल्या वर्षी पाण्यातून परत आले नव्हते. पुढे एक पाणबुड्या हातात नवा करार धरून बायकोला समजावत होता.

"अगं, आता गळती हाताने चाचपायची नाही. तळाशी यंत्रं बसवलीत. एक शेजारच्याला आवाजाने कळवतं, ते पुढच्याला, थेट वर ऑफिसपर्यंत."

"तुमच्या भावांपेक्षा बरी की! निरोप पोचवतात तरी."

"मी फक्त त्यांच्यावरचं शेवाळ पुसायचं."

"आणि गळती झाली तर?"

"पाण्याची ओढ थांबेपर्यंत कुणी उतरायचं नाही. ओढ किती, तेही यंत्रंच सांगतात."

"खरं?"

"तुझी शप्पथ."

"मग करा सही."

पाणबुड्या खिसे धुंडाळू लागला. मागून तिने आपलं पेन पुढे केलं.