अप्पांची एरियल

मोटारीतल्या रेडिओचं कौतुक मला सांगू नका. पंचावन्न साली कुंभकोणमला आमच्या अप्पांनी तो बसवला, आणि एरियल निवडली थेट देवळाच्या ध्वजस्तंभाएवढी! ती डुलायला लागली म्हणून वेंकोबामामाने धरून ठेवली. मेकॅनिकने मामाच्या हातासकटच रेडिओ ट्यून केला आणि तो गेला. मामाने हात सोडला, की रेडिओ मुका.

"त्याला परत बोलवा," मामा म्हणाला.

"अय्यो, राहुकाळ लागला! दीड तास स्क्रूला हात नाही लावायचा. तूच धर."

तेवढ्यात पुण्याचे नवे व्याही, राहुकाळ-बिहुकाळ न बघता, येऊन टपकले. गाणं ऐकून खूश झाले. मग मामाकडे बघून म्हणाले, "हे कोण?"

"एरियल," अप्पा म्हणाले.

मामाने तोंड उघडलं, तसे अप्पा खेकसले, "हलू नकोस, खरखर येते!"