वॉर्डभर पोपट

(साल एकोणीसशे छप्पन्न, फेब्रुवारीतली दुपार. लालबागच्या चाळीतली एक खोली. कमळाबाई, तिची सून कौसल्या, आणि नायगावहून आलेली मीराबाई. मीराबाई साथीच्या रोगांच्या इस्पितळात आया आहे. जमिनीवर छिटाचे तुकडे पसरलेले, मधे हातानं फिरवायचं शिवणयंत्र.)

कमळाबाई : ती कात्री खाली ठेव आधी. सांगतंय तुका, कौसल्या, खाली ठेव.

कौसल्या : आई, पातळ माझंच आहे ना?

कमळाबाई : तुझा असला म्हणून काय झाला? हिरवा पातळ! दसऱ्याला गुणाजीनं आणलेला. माझो झील थंय संयुक्त महाराष्ट्रापायी तुरुंगात बसलाय, आणि बायको त्याच्या हिरव्या पातळाक कात्री लावता. चाळ काय म्हणेल?

मीराबाई : चाळ काय म्हनायची? चार दिस बोलंल आन गप बसंल. मोर्च्यावर गोळीबार झाला तवा कुनाच्या तोंडातनं शबूद न्हवता निघत, आता पातळावर बोलत्यात व्हय?

कमळाबाई : तू गप, मीरा. हे खूळ तुझाच. आमच्या शालूक उशीचो एक अभ्रो द्यायचा तर एक शिवा. साऱ्या वॉर्डाचे कित्याक?

मीराबाई : मावशी, किती येळा सांगू? घटसर्पाचा वॉर्ड हाय त्यो. घरचं काय बी आत न्हाई. भावली न्हाई, खाऊ न्हाई, रुमाल बी न्हाई. एकीला दिलं की समद्यांना द्यावं लागंल, म्हनून मेट्रनबाई कुनालाच देऊ देत न्हाईत. पर साऱ्या खाटांना म्हनून दान दिलं तर घेतात. मी सोता इचारून आले.

कौसल्या : मग साऱ्या खाटांना शिवू. तुकडे तर मिळालेच आहेत.

मीराबाई : आन काय तुकडे! ह्यो पोपट बघा. चोच हितं, डोळा तिकडं पाठीवर.

कौसल्या : छपाई सरकली म्हणून तर गिरणीनं टाकून दिलं. ह्यांच्या खात्यातल्या लोकांनी पोचवलं, म्हणाले, गुणाजी आत आहे, त्याच्या पोरीसाठी एवढं तरी आमच्याकडून.

मीराबाई : पोरं हसतील की. पाठीला डोळा असलेला पोपट कुनी बघितलाय?

कमळाबाई : पोपट ऱ्हवांदेत. पातळाचा काय करतलंस ता बोल.

कौसल्या : काठ कापून त्याच्या पट्ट्या करायच्या. प्रत्येक अभ्र्याला तोंडाशी एक पट्टी.

कमळाबाई : प्रत्येकाक? शालूच्या एकट्या अभ्र्याक लाव.

कौसल्या : शालूचा कुठला, हे कुणाला ठाऊक?

मीराबाई : त्ये खरं हाय. धुलाईच्या भट्टीतनं अभ्र्यांचा गठ्ठा येतो. हाताला लागंल त्यो उशीला चढवायचा. उद्याला दुसरा. माझी पाळी असली तर मी बघीन, पर माझी पाळी रोज कुठं असती?

कौसल्या : म्हणून सगळ्यांना. कुठलाही आला तरी तिच्या गालाखाली माझं पातळ येईल. आई, ह्याच पातळाचा पदर धरून ती झोपायची. ती ओळखेल.

कमळाबाई : आणि नाय ओळखल्यान तर? पातळ पण गेला.

कौसल्या : तुम्ही एकदा त्या खिडकीशी उभ्या राहा, आई. मग बोला. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मी हाक मारते, काच वाजवते. आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला वाटतं मी रुसलेय. आई आत का येत नाही, हे पाच वर्षांच्या पोरीला कोण समजावणार?

कमळाबाई : डॉक्टर काय म्हणता?

कौसल्या : घसा मोकळा झालाय म्हणतात, ताप उतरलाय. आता तिनं आपण होऊन गिळायला हवं. ती तोंडच उघडत नाही. नाकातून नळीनं दूध घालतात. काल म्हणाले, बाई, आमचं औषध संपलं, आता पोरीनं मनावर घेतलं पाहिजे. असंच चाललं तर...

मीराबाई : बास. पुढचं बोलू नगंस.

कमळाबाई : दे ती कात्री.

कौसल्या : आई, नाही. मी कापणारच आहे.

कमळाबाई : दे म्हणतंय. नवरो आत असताना सवाष्णीन हिरव्याक कात्री लावू नये. मी विधवा बाई. माका आता कसला भय? धर तो पदर घट्ट. मीरा, दुसरो काठ तू धर.

मीराबाई : हां! आता कशी माझी मावशी!

कमळाबाई : लाडात येव नको. आणि आयक, कौसल्या. तू यंत्रावर तीन बाजू मार. शेवटचो कोपरो माझ्याकडे द्यायचो. तो मी हातानं घालतलंय.

कौसल्या : हातानं कशाला? यंत्रावर लगेच होईल.

कमळाबाई : माका कळता. तू पट्टी बघ.

* * *

(काही दिवसांनी, तीच खोली.)

मीराबाई : मावशी, दार लावा आधी. कौसल्या कुठाय?

कमळाबाई : खिडकीशी गेलीहा, इस्पितळात. भेटीची वेळ ना ही. तू हंय कशी? आणि ह्यो गठ्ठो? मीरा, आपले अभ्रे परत कशे इले? शालूक काय झाला?

मीराबाई : शालूला काय झालं न्हाई. ती चांगली हाय. बसा खाली. आन मला सांगा, त्या अभ्र्यांच्या कोपऱ्यात काय घातलंवतं तुमी?

कमळाबाई : ...तांदूळ.

मीराबाई : तांदूळ!

कमळाबाई : चारच दाणे गो. आमच्या गावाक गोधडी शिवतत तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात घालतत. गोधडीचा पोट रिकामा ठेवू नये. रिकामी गोधडी कोणाच्या अंगावर घालीत नाय आम्ही. आणि ही तर आजारी पोरां.

मीराबाई : ती वाकळ असती, मावशी! नदीवर धुवायची. ह्ये भट्टीत उकळत्यात. भात झाला त्याचा, भात! मग उन्हात वाळला आन खडा झाला. आज मेट्रनबाईंनी उशीवर हात फिरवला तर कोपऱ्यात गाठ. दुसरी बघितली, तिला बी गाठ. मला हाक मारली. म्हनल्या, मीराबाई, हा कुणाचा उतारा आहे?

कमळाबाई : अगो देवा. उतारो?

मीराबाई : त्यांनी कात्रीनं कोपरा फोडला. आत भाताचा गोळा. मुंग्या होतील, म्हनल्या, उचल सगळे. सगळ्या खाटांवरनं काढायला लावले.

कमळाबाई : माझ्या हातानं घात झालो. कौसल्याचा पातळ गेला, आणि मी दाणे घालून सगळ्याचा वाटोळा केलंय.

मीराबाई : पुरतं ऐकाल का न्हाई? शालूच्या खाटेपाशी गेले. म्हनलं, बाळा, डोकं उचल. उशी वढली तर वढेना. बघते तर पोरीनं कोपरा मुठीत धरलेला. दोन बोटांनी चोळत होती, असा. म्या म्हनलं सोड. तर माझ्याकडं बघितलं आन बोलली.

कमळाबाई : बोलली? शालू बोलली?

मीराबाई : एवढ्या दिसांत पयल्यांदा. घसा बसलेला, पर बोलली. "ही माझ्या आजीची हाय. देनार न्हाई."

कमळाबाई : आजीची म्हणाली? माझी?

मीराबाई : मावशी, रडू नगा. आदी ऐका.

कमळाबाई : गोधडीचो कोपरो गो. घराकडे झोपताना तशीच करता. दाणे चाळवत बसता आणि मगे झोपता. मी ओरडतंय तिका, दाणे बाहेर काढशीत म्हणून.

मीराबाई : मेट्रनबाई मागंच उभ्या व्हत्या. मला वाटलं आता वरडतील. त्या खाटेवर बसल्या. म्हनल्या, आजी भात पण चांगला करते का गं? पोरीनं मान हलवली. मग सिस्टरनं पेज आनली. पयला घास थुकला. दुसरा गिळला. अर्दी वाटी संपिवली, मावशी, माझ्या डोळ्यांदेखत. मेट्रनबाई म्हनल्या, हा एक अभ्रा तिच्यापाशी राहू दे. बाकीचे कोपरे उसवून, साफ करून, पुन्हा शिवून आणा. म्हनून ह्यो गठ्ठा.

कमळाबाई : मीरा.

मीराबाई : काय?

कमळाबाई : काठाचा काय झाला? पट्टीचा?

मीराबाई : रंग गेला की. भट्टीत घातल्यावर हिरवं कुठलं ऱ्हातंय? पांढरीफटक पट्टी. आन वास कसला, नुसता सोड्याचा.

कमळाबाई : मग ह्या कौसल्याक सांगू नको.

मीराबाई : काय सांगू नगं? पोर जेवली ह्ये?

कमळाबाई : ता सांग. पण कशानं जेवली ता नको. तिचो नवरो आत, पोर काचेआड. होता ता एक चांगला पातळ आम्ही फाडला. तिका वाटांदे, तिच्या काठानं पोर उठली.

मीराबाई : आन गठ्ठा परत आला त्याचं काय सांगायचं?

कमळाबाई : खरा तेवढाच. म्हातारीन येडेपणा केल्यान, मेट्रनीन शिव्या घातल्यान.

मीराबाई : तुमचं श्रेय घालवून शिव्या तेवढ्या घेनार?

कमळाबाई : ह्या वयात श्रेय घेऊन काय लोणचा घालू? गप, जिन्यात पावलां वाजली.

कौसल्या : आई! आई, दार उघडा! आई, शालूनं माझ्याकडे बघितलं!

कमळाबाई : हळू गो, पडशीत.

कौसल्या : भिंतीकडे तोंड नव्हतं तिचं. बसली होती, पाठीला उशी लावून. मी काच वाजवली तर वळली. हात केला, असा. आणि तोंडाला काहीतरी पांढरं लागलं होतं.

मीराबाई : पेज. जेवली ती.

कौसल्या : जेवली? स्वतः?

मीराबाई : सोताच्या तोंडानं. अर्दी वाटी.

कौसल्या : आई...

कमळाबाई : ये, बस माझ्याजवळ. बस. पाणी पी आधी.

कौसल्या : मीराबाई, खरं सांग. कशानं?

मीराबाई : कशानं म्हंजे... तुज्या...

कमळाबाई : तुझ्या काठानं. दुसरा कशानं? आईचो पदर नाय ओळखूचा पोर?

कौसल्या : ओळखला तिनं?

मीराबाई : व्हय. ओळखला.

कौसल्या : आणि हा गठ्ठा? हे आपलेच अभ्रे ना?

कमळाबाई : माझो मूर्खपणा. प्रत्येक कोपऱ्यात तांदूळ घातलंय मी. भट्टीत भात झालो. मेट्रनीन गाढव म्हटल्यान माका.

मीराबाई : गाढव न्हाई म्हनल्या.

कमळाबाई : मनात म्हटल्यान असतील. हसतंस काय? चल, उसवूक घे. वॉर्डातल्या बाकीच्या पोरांच्या उशा बोडक्या पडल्याहत.

कौसल्या : आई, किती दिवसांनी हसतेय मी.

कमळाबाई : मगे हस. हसता हसता हात चालव.

* * *

(साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. कौसल्या आणि मीराबाई, दोघीच.)

कौसल्या : छप्पन्न साल म्हटलं की अजून ती काच दिसते, मीराबाई.

मीराबाई : मला तर मावशी दिसतात. कसं गेलं गं सगळं. गुणाजीभाऊ कसं हायेत?

कौसल्या : गावाला असतात. त्या उन्हाळ्यात तुरुंगातून सुटले तेव्हा दोन महिने शालूला खांद्यावरून उतरवलं नाही. मग गिरणीतच जन्म काढला. हा मोठा संप मोडला, गिरणी काही उघडली नाही. आता कलमं लावतात. पत्रात आंब्याशिवाय दुसरं काही नसतं.

मीराबाई : मावशींनी म्हाराष्ट्र झाल्याचा पेढा खाल्ला, एवढं बरं झालं.

कौसल्या : साठ साली, मेच्या एक तारखेला, जिन्यात उभ्या राहून वाटत होत्या. त्याच साली गौरीत गेल्या. आणि तू?

मीराबाई : छप्पन्नच्याच आक्टोबरात आमी नागपूरला गेलो, बुद्धाची दीक्षा घेतली. पोरं शिकली. मी मेट्रनबाई गेल्यावर बी धा वर्सं नोकरी केली. आन आपली शालन?

कौसल्या : टेलिफोन एक्स्चेंजात आहे. ज्या पोरीनं तोंड उघडावं म्हणून आपण वॉर्डभर पोपट शिवले, तिला सरकार बोलायचा पगार देतं. घरी आली तरी थांबत नाही.

मीराबाई : कौसल्ये, एक सांगायचं ऱ्हायलंय. मावशींनी शपथ घातल्यागत केलंवतं. आता त्या न्हाईत, आन मी बी म्हातारी झाले. ती पोर तुज्या काठानं न्हवती...

कौसल्या : ठाऊक आहे.

मीराबाई : काय ठाऊक हाय?

कौसल्या : त्याच दिवशी दिसलं होतं मला, काचेतून. उशीचा कोपरा बोटांनी चोळत होती. काठ मागे पाठीखाली दबला होता. मग घरी आले तर आई म्हणाल्या, कोपऱ्यात तांदूळ घातलेत. तेव्हाच कळलं.

मीराबाई : आन बोलली न्हाईस? एवढी वर्सं?

कौसल्या : त्या मला तो मोठेपणा किती प्रेमानं वाढत होत्या, मीराबाई. मी पान पुढे केलं.